पाच मैलांच्या आतले घर

(तृतीय वर्ष, विज्ञान)

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन प्राथमिक गरजा होत, हे आपण शाळेपासून पाठ म्हणत आलो आहोत. यांपैकी अन्नासाठी कृषी महाविद्यालये आहेत, वस्त्रासाठी गिरण्या आणि हातमाग आहेत. परंतु निवाऱ्याचा, म्हणजे साध्या माणसाच्या साध्या घराचा विचार आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच येतो. भौतिकशास्त्रात आपण उष्णतेचे वहन शिकतो, रसायनशास्त्रात चुनखडी भाजली की काय होते ते शिकतो, भूगोलात काळी मृदा शिकतो. हे तिन्ही धडे एकत्र येतात ते आपण ज्या छपराखाली झोपतो तेथे. प्रस्तुत लेखात ही सांगड घालण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे. त्यासाठी एका स्थापत्यविशारदाचे काम आधाराला घेतले आहे. त्यांचे नाव लॉरी बेकर.

हा विषय निवडण्यास एक घरगुती कारणही आहे. माझे गाव बाजारहत्नूर. तेलंगणातील अदिलाबाद जिल्ह्यात, सह्याद्रीच्याच पूर्वेकडील डोंगररांगांत ते वसले आहे. पुढे कुंतलाच्या धबधब्यावरून उडी घेणारी कडेम नदी आमच्याच परिसरातून निघते. आमच्या घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि आसपासच्या पाड्यांवर गोंडी व कोलामी ऐकू येते. आमचे घर आजोबांच्या वेळचे आहे. भिंती मातीच्या, दीड हात रुंद. छपरावर मंगलोरी कौले, वासे सागाचे. आता या घराच्या जागी नवे घर बांधायचे घाटत आहे. तेलंगण राज्यात इंदिरम्मा घरकुल योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरजू कुटुंबाला ५ लाख रुपयांची मदत टप्प्याटप्प्याने मिळते. घर निदान ४०० चौरस फुटांचे आणि छत स्लॅबचे असावे, अशी अपेक्षा असते. बाबांनी अर्ज केला आहे. आमच्याकडे एवढी रक्कम आयुष्यात एकदाच हाती येते. ती चुकीच्या घरात गेली, तर त्या घरात पुढच्या दोन पिढ्यांना राहावे लागेल. म्हणून बेकर यांच्याविषयी जे वाचले, ते मी केवळ परीक्षेसाठी वाचले नाही.

बेकर कोण होते?

लॉरी बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. तेथेच त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. ते क्वेकर पंथाचे, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या पंथाचे होते. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात ते सैनिक म्हणून न जाता रुग्णसेवा पथकाबरोबर चीनमध्ये गेले. परतीच्या वाटेवर बोटीची वाट पाहत त्यांना काही महिने मुंबईत थांबावे लागले. तेथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. बेकर यांच्या पायांत चिंध्यांपासून हाताने शिवलेले जोडे होते. गांधीजींचे लक्ष प्रथम त्या जोड्यांकडे गेले आणि त्यातून ओळख वाढली, असे बेकर पुढे सांगत असत.

गांधीजींनी १९३७ मध्ये 'हरिजन' पत्रात आदर्श खेड्याची कल्पना मांडली होती. त्या खेड्यातील घरात भरपूर उजेड व हवा असावी आणि ते पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याचे असावे, असा तिचा आशय होता. हीच गोष्ट त्यांनी या तरुण वास्तुविशारदालाही सांगितली. लोखंड, काच आणि काँक्रीट यांचे शिक्षण घेऊन आलेल्या बेकर यांना ती तेव्हा स्वप्नाळू वाटली. पुढे चाळीस वर्षे बांधकाम केल्यावर आपण तिच्यापर्यंतच येऊन पोहोचलो, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे.

१९४५ मध्ये ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे वास्तुविशारद म्हणून भारतात आले. १९४८ मध्ये केरळच्या डॉ. एलिझाबेथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि हे दांपत्य हिमालयातील पिठोरागड येथे जाऊन राहिले. पत्नी दवाखाना चालवी आणि बेकर शाळा, दवाखाने, घरे बांधीत. बरोबर आणलेल्या पुस्तकांत माती, शेण किंवा वेडावाकडा डोंगरी दगड यांविषयी काहीच नव्हते. जवळच्या खेड्यांतील निरक्षर गवंडी मात्र त्याच साहित्याने थंडीवाऱ्याला टिकणारी घरे बांधीत होते. तेव्हा बेकर यांनी पुस्तके बाजूला ठेवली आणि गवंड्यांकडे पाहून शिकायला सुरुवात केली. माझ्या मते त्यांचे खरे विद्यापीठ ते हेच.

१९६३ नंतर हे कुटुंब केरळात आले आणि पुढे तिरुवनंतपुरम येथे स्थायिक झाले. १९७० च्या दशकात अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या इमारती बेकर यांनी बांधल्या. टेकडीचा उतार न खोदता, असलेली झाडे राखून, उघड्या विटांत बांधलेले हे संकुल आजही पाहायला मिळते. तिरुवनंतपुरमच्या रेल्वे स्थानकाजवळचे, वर वर वळत जाणाऱ्या लाल विटांच्या मनोऱ्यासारखे इंडियन कॉफी हाऊस हेही त्यांचेच. १९८५ मध्ये त्यांनी, माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांनी आणि इतरांनी मिळून कॉस्टफोर्ड ही संस्था काढली. गरिबांची घरे बांधण्याचे काम ती अजून करते. भारत सरकारने १९९० मध्ये त्यांना पद्मश्री दिली. ते भारताचे नागरिक झाले आणि १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरम येथेच त्यांनी देह ठेवला.

चारशे विटांचे गणित

थोर माणसाचे चरित्र वाचून आपण नमस्कार करतो आणि पुस्तक मिटतो. बेकर यांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, कारण त्यांचे मोठेपण त्यांच्या हिशेबात आहे. तो हिशेब आपणही करून पाहू.

आपल्याकडे भिंत साधारणतः ९ इंच जाडीची असते. वीट सांध्यासह ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि ३ इंच उंच धरू. एका विटेचे घनफळ १२१.५ घन इंच. एक चौरस फूट भिंतीचे घनफळ १४४ गुणिले ९, म्हणजे १२९६ घन इंच. भागाकार केला असता दर चौरस फुटाला १०.६७ विटा लागतात.

बेकर यांनी जी पद्धत रूढ केली तिला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. नाव उंदराच्या सापळ्यावरून पडले, कारण भिंतीच्या आत चौकोनी पोकळ्या राहतात. तीत विटा पाटावर न ठेवता कडेवर उभ्या ठेवतात. एक वीट बाहेरच्या अंगाला, एक आतल्या अंगाला, मध्ये ३ इंचांची पोकळी. मग या दोहोंना बांधणारी एक वीट आडवी, भिंतीच्या आरपार. हा नमुना दर १२ इंचांनी पुन्हा येतो आणि थराची उंची साडेचार इंच होते. म्हणजे ५४ चौरस इंचांत ३ विटा, अर्थात दर चौरस फुटाला ८ विटा.

आता १५ फूट लांब व १० फूट उंच भिंत घ्या. क्षेत्रफळ १५० चौरस फूट. नेहमीच्या पद्धतीने १६०० विटा लागतील, या पद्धतीने १२००. एका भिंतीत ४०० विटा वाचल्या, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. जाडी तीच राहिली. शिवाय आत कोंडलेली हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने घर कमी तापते. वीट चांगली असेल तर गिलावाही करावा लागत नाही. येथे कोणताही चमत्कार नाही. वीट फिरवून ठेवली, एवढेच.

दुसरी युक्ती स्लॅबची. स्लॅबवर भार आला की तो किंचित वाकतो. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून ताण घेण्यासाठी खालच्या भागात लोखंडी सळया घालतात. मग त्या सळयांच्या मधले, खालच्या भागातील काँक्रीट करते काय? बहुतांशी ते स्वतःचे वजनच वाढवीत असते. बेकर यांनी त्या जागी जुनी किंवा बाद झालेली मंगलोरी कौले बसविली. कौलांच्या मधून सळया जातात, वरून काँक्रीट ओततात. याला फिलर स्लॅब म्हणतात. यात काँक्रीट वाचते, छत हलके होते, आणि छत हलके म्हणून सळईही थोडी कमी लागते. दोन कौले एकमेकांवर ठेवली तर मधल्या हवेमुळे उष्णताही अडते. मात्र भिंतीजवळच्या आणि तुळईजवळच्या पट्ट्यांत कौले न घालता भरीव काँक्रीटच ठेवावे लागते, कारण तेथे छेद देणारा जोर अधिक असतो. तेव्हा हे काम अभियंत्याच्या आकडेमोडीशिवाय करू नये.

तिसरी गोष्ट विटांच्या जाळीची. खिडकी म्हटली की चौकट, झडप, काच, गज, बिजागऱ्या आल्या. भिंतीतच काही विटा गाळून जाळी केली तर वारा आणि उजेड येतो, चोर येत नाही. जेथे बाहेर पाहण्याची गरज नाही, तेथे खिडकी कशासाठी, असा बेकर यांचा प्रश्न असे. ते प्रत्येक गोष्टीला हाच प्रश्न विचारीत: हे खरोखर हवे आहे काय?

सिमेंटची किंमत कोण देतो?

बेकर सिमेंटच्या विरुद्ध होते असा एक गैरसमज आहे. सिमेंट जेथे लागते तेथे ते वापरीत. जेथे लागत नाही तेथे वापरण्यास त्यांचा विरोध होता. त्याचे कारण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला लवकर पटेल. सिमेंटसाठी चुनखडी व माती सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत भाजावी लागते. त्यासाठी कोळसा जळतो, आणि खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. माणसामुळे हवेत जाणाऱ्या या वायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. चुना भाजतानाही हा वायू सुटतो, पण भट्टीला सुमारे ९०० अंश पुरतात आणि भिंतीत घट्ट होताना चुना हवेतील काही वायू परत शोषून घेतो.

दुसरी किंमत पैशाची. सिमेंट आणि सळई यांचा पैसा गावाबाहेर जातो. गवंडी, कुंभार, वीटभट्टीवाला, सुतार यांना दिलेला पैसा गावात फिरतो. बेकर यांच्या घरात साहित्यावरचा खर्च कमी आणि हातांवरचा खर्च अधिक असतो. ज्या गावात हात रिकामे आहेत, तेथे या फरकाला मोठा अर्थ आहे.

आईची हरकत

सुटीत घरी गेले असता हे सारे मी उत्साहाने सांगितले. बाबा ऐकत होते. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तुमचे गांधीबाबा न् तो साहेब माती चांगली म्हणतात, पण सारवते कोण?"

या प्रश्नाला टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मातीचे घर थंड असते हे खरे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हिवाळ्यात काही रात्री ५ अंशांच्या खाली येतो. अशा हवेत मातीची रुंद भिंत दुपारची उष्णता आत यायला कित्येक तास लावते. याउलट चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री निजायच्या वेळी ती उष्णता खाली सोडतो. पण त्या मातीच्या भिंतीला दरवर्षी लिंपावे लागते, जमीन आठवड्याला सारवावी लागते, पावसाळ्यापूर्वी छपराची शाकारणी करावी लागते, वाळवी आणि उंदीर यांच्याशी झगडावे लागते. यांतील पुष्कळसे काम बायकांच्या अंगावर पडते आणि त्याची मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली नसते. गरिबाचे घर स्वस्त असते असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात आईचे श्रम आपण शून्य रुपये धरलेले असतात.

इजिप्तचे थोर वास्तुविशारद हसन फाथी यांचा अनुभव येथे आठवतो. त्यांनी १९४० च्या दशकात लक्सरजवळ नवे गुर्ना हे गाव कच्च्या विटांच्या कमानी व घुमटांनी बांधले. इमारती सुंदर होत्या, पण ज्यांच्यासाठी बांधल्या ते बहुतेक लोक तेथे राहायला गेले नाहीत. ही हकिगत फाथी यांनी आपल्या ग्रंथात मोकळेपणाने लिहिली आहे. घर ज्याचे त्याचे मन त्यात नसेल, तर साहित्य कितीही योग्य असो, ते घर होत नाही. बेकर प्रथम घरच्या माणसांशी बोलत, त्यांच्या सवयी विचारीत आणि मग जुन्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर आराखडे काढीत, त्याचे मर्म हेच असावे.

किल्लारीचा धडा

स्थानिक साहित्य म्हणजे सुरक्षित साहित्य, असेही समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसे गेली. आपल्या कन्नड विभागातील मित्रांच्या गावांतही तो हादरा जाणवला होता, हे तेथील वडीलधारी मंडळी अजून सांगतात. तेथली घरे स्थानिक दगडाची आणि स्थानिक मातीचीच होती. मग घात कशाने झाला?

भिंती दोन-अडीच फूट रुंद होत्या, परंतु त्यांची आतली फळी आणि बाहेरली फळी वेगवेगळी होती. मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही फळ्यांना एकत्र धरणारे आरपार दगड नव्हते. वर माळवद, त्यावर मातीचा जाड थर. गळती थांबावी म्हणून वर्षोवर्षी नवी माती पडे आणि वजन वाढत जाई. हादरा बसताच फळ्या फाकल्या आणि छप्पर निजलेल्या माणसांवर आले. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा चांगला होता, तेथे पुष्कळ ठिकाणी भिंत पडूनही छप्पर उभे राहिले.

यातून कोणी असा निष्कर्ष काढला की दगडमाती वाईट आणि काँक्रीट चांगले. तो अपुरा आहे. दोष बांधणीचा होता. दर दोन-तीन फुटांवर आरपार दगड, कोपऱ्यांची नीट गुंफण, जोत्यावर, दरवाजाच्या वर आणि छपराखाली घराभोवती फिरणारा सलग पट्टा आणि हलके छप्पर, एवढे केले तर दगडी घरही पुष्कळ भूकंप सोसते. आमच्याकडील गोंड व कोलाम लोकांची कुडाची घरे, म्हणजे बांबूच्या विणीवर माती लिंपलेल्या भिंती, हलकी आणि लवचिक असल्याने या कसोटीला दगडी घरांपेक्षा अधिक उतरतात. ज्यांना आपण मागासलेले म्हणतो त्यांच्याकडे हे ज्ञान आहे.

आमच्या पाच मैलांत काय आहे?

आता बाजारहत्नूरचा विचार करू. केरळात जे चालले ते येथे जसेच्या तसे चालणार नाही, आणि तसे करणे बेकर यांनाही आवडले नसते.

पहिली अडचण काळ्या मातीची. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. कारण तिच्यातील सूक्ष्म कण पाणी शोषून पसरतात. कापसाला ती उत्तम, पायाला ती वैरी. आमच्याकडे विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड लागतो. पाया मुरमापर्यंत न्यावा आणि खड्ड्यात काळी माती परत न भरता मुरूम भरावा, हे जुने गवंडी सांगतात आणि शास्त्रही तेच सांगते. जेथे काळ्या मातीचा थर फार खोल असतो, तेथे रूरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगीर गड्डा असलेल्या खांबांचा पाया सुचविला आहे.

दुसरा प्रश्न भिंतीचा. येथे कन्नड भाषिक प्रदेशातील एक मोठे काम उपयोगी पडते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये प्रा. अमूल्य कुमार रेड्डी यांनी अस्त्र हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. तुमकूर जिल्ह्यातील उंग्रा या खेड्यात त्याचे केंद्र होते. तेथे प्रा. के. एस. जगदीश व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबून केलेल्या मातीच्या विटांचा अभ्यास केला. मातीत सुमारे ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून हातयंत्राने दाबले की न भाजता वीट तयार होते. जळण लागत नाही, म्हणजे झाड तुटत नाही. परंतु यासाठी वाळूचा अंश असलेली माती हवी. निव्वळ काळी माती चालत नाही. तिच्यात वाळू वा दगडाचा बारीक चुरा पुरेसा मिसळावा लागतो, किंवा सिमेंटच्या जोडीला चुना घ्यावा लागतो. आमच्या डोंगराच्या पायथ्याला तांबूस, रेताड माती आहे. ती योग्य आहे की नाही, हे बाटलीत पाणी घालून, हलवून, थर खाली बसू दिले की ढोबळमानाने कळते. हा प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत कोणीही करू शकेल.

तिसरा प्रश्न लाकडाचा. आजोबांच्या काळात साग मिळे. आज जंगल राखीव आहे आणि ते राखलेच पाहिजे. म्हणून पाच मैलांचा नियम आंधळेपणाने पाळून सागाचे वासे मागणे हा गांधीविचार नव्हे. उलट जुन्या घराचे उतरविलेले लाकूड, चौकटी, दारे ही आमच्या शून्य मैलांवरची संपत्ती आहे.

आमच्या उत्तरेला वर्धा आहे. सेवाग्रामात १९३६ पासून उभ्या राहिलेल्या माती, बांबू, लाकूड व कौलांच्या कुट्या देशोदेशीचे लोक पाहायला येतात. त्याच वर्ध्यात देवेंद्रकुमार यांनी सुरू केलेल्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने कुंभाराच्या चाकावर केलेल्या निमुळत्या कौलांची कमानदार छपरे बांधून दाखविली. एकात एक अडकविलेली ही कौले लाकूड वा लोखंडाशिवाय छप्पर तोलून धरतात. म्हणजे गांधीजींची कल्पना आश्रमातच थांबली नाही, कुंभाराच्या चाकापर्यंत गेली.

आमचे ठरले ते

या सगळ्या वाचनाचा आणि घरातल्या चर्चेचा मिळून जो आराखडा झाला, तो असा आहे. पाया मुरमापर्यंत, काळ्या दगडाचा. जोते उंच, दोन फुटांचे. जोत्यावर आणि दरवाजांच्या वर सलग पट्टा. भिंती शक्य झाल्यास दाबून केलेल्या मातीविटांच्या, नाहीतर भाजक्या विटांच्या रॅट-ट्रॅप पद्धतीच्या. आमच्या भागातील गावठी विटा पुष्कळदा वेड्यावाकड्या असतात आणि कडेवर ठेवायला वीट सरळ धारेची लागते, म्हणून वीट आधी पारखून घ्यायची. छत स्लॅबचे, पण फिलर स्लॅब, आणि त्यात आमच्याच जुन्या छपरावरची कौले. ज्या कौलांनी आजोबांच्या वेळेपासून पाऊस अडविला, ती आता ऊन अडवतील. अभियंत्याने आकडेमोड तपासून होकार दिल्यावरच हे करायचे, असे बाबांनी बजावले आहे.

जमीन मात्र शेणमातीची राहणार नाही. फरशी घालायची. हा आईचा निर्णय आहे आणि अंदाजपत्रकातील तो पहिला आकडा आहे. विटांत जे वाचेल ते फरशीत जाईल. समोर पडवी ठेवायची, कारण आमच्याकडे माणूस घरात कमी आणि पडवीत जास्त राहतो. हिशेबाच्या वहीत मी वाचलेल्या विटा लिहिल्या, तेव्हा आईने विचारले, "एवढ्यात न्हाणीला दार बसते का?" बसते. तेही लिहिले आहे.

समारोप

विद्यार्थी मित्रांनो, बेकर यांच्यापासून घ्यायचे ते काय? लाल विटांची नक्कल नव्हे. ती केरळातली आहे, तिथेच शोभते. घ्यायची ती विचारण्याची सवय. हे साहित्य कोठून आले? त्याला किती जळण लागले? त्याचा पैसा कोणाच्या घरी गेला? हे कोण बांधणार, कोण झाडणार, कोण दुरुस्त करणार? हादरा बसला तर काय पडेल? या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या घरात नीट मिळतात, ते घर स्वस्त, आणि गरिबालाच नव्हे तर श्रीमंतालाही चांगले.

येत्या सुटीत आपण प्रत्येकाने आपल्या गावातील एक जुने घर मोजावे, अशी माझी सूचना आहे. भिंतीची रुंदी, छपराचा उतार, पाया कशाचा, दुपारी आत आणि बाहेर तापमान किती, एवढे लिहून आणावे. घरातील बायकांना त्या घराचे कष्ट विचारावेत आणि तेही लिहावे. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांतील मित्रांनी हे केले, तर पुढच्या अंकासाठी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांची एक चांगली नोंदवही तयार होईल. गावात नवे घर बांधायला निघालेल्या कोणा तरी कुटुंबाला ती वेळेवर उपयोगी पडेल.